चामखीळ कुणाची?

"घोड्याचा केस? अहो, चंद्रावर वस्त्या झाल्या आणि तुम्ही चामखिळीला घोड्याचा केस बांधलात?" डॉ. रेश्मा तांबोळींनी कपाळावर हात मारला.

कोल्हापूरच्या त्वचा-प्रयोगशाळेत यशोधन मान तिरकी करून बसला होता, शेजारी त्याची आई सुरेखाबाई. गळ्यावरची ती चामखीळ त्याची जन्माची सोबतीण, ना दुखणं ना खुपणं. पण आईच्या डोळ्यांत ती सलायची. नातीच्या लग्नात फोटो चांगले यायला हवेत, म्हणून सुरेखाबाईंनी कुणाच्याशा वरातीतल्या घोड्याच्या शेपटीचा केस पैदा केला आणि करकचून आवळला. आता चामखीळ लालबुंद होऊन ठणकत होती.

"निरुपद्रवी असते हो ही, राहिली तरी बिघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काढायचीच तर आपला पेशीमार्जक आहे. तो शरीराच्या रक्षक पेशींना शिकवतो, की या अमुक पेशी परक्या आहेत. मग त्याच त्यांचा फडशा पाडतात."

पेशीवाचकाची सुई चामखिळीला टेकली आणि डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिल्या.

"या पेशी तुमच्या नाहीतच. बाईच्या आहेत."

"माझ्या गळ्यावर बाई? काय बोलताय काय!"

"तुमच्या आईच्या. बाळ पोटात असताना आईच्या थोड्या पेशी त्याच्यात उतरतात. तुमच्या शरीराने त्या आपल्याच मानल्या, आणि त्यांनी इथे बिऱ्हाड थाटलं."

यशोधनला हसावं की घाबरावं कळेना. "घ्या! आई, स्वतःलाच फास लावलास की!"

सुरेखाबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"काकू, इथे बोट टेकवा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा नमुना मिळाला की मार्जक नेमक्या तेवढ्याच पेशी टिपेल. याच्या अंगात आणखी कुठे असतील, त्याही. एकसुद्धा उरणार नाही."

"एकसुद्धा नाही?" सुरेखाबाईंचा आवाज चिरकला. "नको मग. राहू द्या."

"अगं, तूच तर महिनाभर डोकं खाल्लंस!" यशोधनने त्यांचा हात धरला आणि बोट टेकवलं.

पडद्यावर उमटलं, 'जुळत नाही.' डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. खाली एक ओळ होती: 'चामखिळीच्या पेशी जिच्या, तिची ही सख्खी बहीण.'

"यंत्र बिघडलंय तुमचं," यशोधन म्हणाला. "आईला बहीण एकच, सुमनमावशी. ती तर माझ्या जन्माच्या साली..." आणि तो आईकडे वळला.

"तुला जन्म देऊन गेली रे ती," सुरेखाबाईंना हुंदका आवरेना. "तुझ्याशिवाय तिचं काही म्हणता काही मागे राहिलं नाही, म्हणून किती रडले होते मी! माय मरो, मावशी जगो म्हणतात. जगले, आणि आई होऊन बसले. पुढे सांगायचा धीरच झाला नाही."

यशोधनला राग येईना, रडूही येईना. त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"डॉक्टर... अजून जिवंत आहेत का त्या पेशी?"

"आहेत. केस सुटला तर जगतील." डॉक्टरांनी चिमटा उचलला.

"द्या इकडे. मी बांधलाय, मीच सोडते." सुरेखाबाई पुढे वाकल्या. गाठ काही सुटेना.

यशोधनने मान आणखी वर केली.

"सावकाश, आई," तो म्हणाला. "तिला दुखेल."