रिकाम्या इंजिनाचा आवाज

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे होतो.

१९९४ सालचा मार्गशीर्ष. अमावास्येची संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

पेणजवळ, धरमतरच्या खाडीला लागून माझ्या बहिणीचं, सगुणाताईचं घर. तिचे यजमान कान्हू भावोजी होडीतून मिठाची ने-आण करायचे. त्या आठवड्यात होडीचं डिझेल इंजिन आतून ठोकायला लागलं. भावोजींनी ते होडीतच खोललं आणि क्रँकशाफ्ट काढून घरी आणला. पिस्टनच्या जोरावर फिरणारा, इंजिनाचा मुख्य दांडा तो. बेअरिंग बसतं तिथे त्याला चरे पडले होते.

ताई म्हणाली, "रोह्याला मशीन शॉपमध्ये द्या ना. त्या होडीत तुमचा जीव असतो."

"तिथं लवकर नंबर नाय लागायचा गो. मीठ पडून हाय. घरीच पॉलिश मारतो."

ओटीवर बल्बखाली बसून त्यांनी ऑइल लावलेला पॉलिश पेपर दांड्याला गुंडाळला. वरून सुतळीचा वेढा दिला आणि तिची टोकं आळीपाळीनं ओढायला लागले. मी दांडा धरून बसलो.

खर्र... खर्र...

आणि मग...

टुक... टुक... टुक...

खाडीवरून इंजिनाचा आवाज आला.

ताई दारात आली. "आत्ता कुणाची होडी आली ओ?"

भावोजींचा हात थांबला.

आवाजही थांबला.

"ओहोटी हाय," ते हळूच म्हणाले. "नुसता चिखल हाय खाडीत. होडी येल कशी?"

त्यांनी पुन्हा सुतळी ओढली.

टुक... टुक...

हात थांबवला.

शांत.

मी तो आवाज ओळखत होतो. मध्येच एक ठोका चुकवणारं ते भावोजींचंच इंजिन होतं.

आणि त्याचा क्रँक माझ्या हातात होता.

आम्ही दोघं बॅटरी घेऊन बांधावर गेलो. होडी चिखलात कलंडून पडलेली. आसपास कुणी नाही. चिखलावर एक पाऊल उमटलेलं नाही.

भावोजी आधी चढले. मी मागून उजेड धरला. इंजिनाचं पोट रिकामंच होतं. त्यांनी आत हात घातला...

आणि तसेच थांबले.

कितीतरी वेळ.

मग हात झटकन बाहेर आला. "गरम हाय," एवढंच बोलले.

मी बाहेरून हात लावून पाहिला. कधीचं बंद असलेलं इंजिन... खरंच गरम होतं.

सकाळी भावोजींनी क्रँक गोणपाटात गुंडाळला आणि आम्ही एसटीनं रोह्याला गेलो. मशीन शॉपच्या हैबतराव मिस्त्रींनी तो दोरीनं टांगला आणि हातोडीनं हलकेच ठोकला.

"चांगला क्रँक घंटेसारखा वाजतो," ते म्हणाले.

हा भद्द वाजला.

त्यांनी तो रॉकेलनं पुसला, खडूची पूड लावली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली.

"तडा हाय. आता याला ग्रायंडिंग करून पण उपयोग नाय. आणि घरी पॉलिश मारून बसवला असता, तर भर खाडीत तुटला असता. इंजिन फोडून तुकडा तुमच्या छातीत. नवीनच टाका."

भावोजींनी क्रँक पुन्हा गोणपाटात गुंडाळला.

परतताना नागोठणं मागे पडलं तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"सुजय, काल इंजिनात माझं मनगट धरलं व्हतं कुणीतरी."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं.

"इंजिन गरम व्हतं. पण ती बोटं... बर्फासारखी. ओढत नव्हती. सोडतही नव्हती."

"कोण होतं?"

"सगुणाला सांगू नको," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी ताईला आजवर सांगितलेलं नाही. कुणी म्हणेल, ज्यानं तडा असलेला क्रँक बसवू दिला नाही तो चांगलाच असणार. मीही मनाला तसंच समजावतो.

पण वाचवणाऱ्याला माणूस इतका घाबरतो का?

नवीन क्रँक बसला. भावोजींनी पुढे बरीच वर्षं तीच होडी चालवली. इंजिनात हात घालायची वेळ आली की मात्र ते डावा घालायचे...

उजवा घट्ट मिटून पाठीमागे.