निळ्या डब्याचा तपास

शनिवारी सकाळीच नेत्राचे गाल फुगले होते. आठवडाभर तिने बेत रचला होता: तळ्यावर जायचं, ती आणि शरयूआत्या, दोघींनीच. आत्या बुधवारी नागपूरला परत जाणार होती. आणि आता ऐन वेळी ती म्हणत होती, शेजारच्या ऋषीलाही घेऊ!

हा ऋषी वर्षभरापूर्वीच नागपूरहून इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आलेला. रोज संध्याकाळी स्वारी आत्यापाशी हजर. आत्या गोधडी शिवायची, हा सुया ओवून द्यायचा आणि दोघांच्या गप्पांना नुसता ऊत यायचा. नेत्रा जवळ गेली की आत्या चटकन गोधडीची घडी घालायची. म्हणजे गोधडी ऋषीसाठीच, यात शंका नव्हती. सख्खी भाची राहिली बाजूला! नेत्राच्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा.

निघायच्या वेळी आत्याचा सुईदोऱ्याचा डबा सापडेना. निळा, गोल, बटर कुकीजचा.

आत्या मटकन खाली बसली. "शेवटचा तुकडा त्यातच आहे गं. तो नसेल तर गोधडी अर्धीच राहील."

"ऋषीने घेतला असेल," नेत्रा म्हणाली. "सारखा तोच तर टच करतो."

ऋषीचे कान लाल झाले. "चल, शोधू. मी चोर निघालो, तर तळ्यावर येणार नाही."

हा सौदा नेत्राला फारच आवडला.

डबा असायचा त्या गराजमधल्या फळीवर धुळीत एक गोल उमटला होता. शेजारी एक टोकदार त्रिकोणही होता. तिथली जुनी इस्त्री कुठे गेली, असं ऋषीने विचारलं आणि नेत्राची ट्यूब पेटली. बाहेर घरातल्या जुन्या वस्तू विकायचा बाबांचा गराज सेल चालला होता, आणि इस्त्री टेबलावर ऐटीत बसली होती!

बाबांनी ऑफिसच्या कॉलवर बोलता बोलता अख्खी फळी रिकामी केली होती. डबा समोरच्या डोरोथी आजींनी केव्हाच नेला होता.

"बाबा, तू उघडूनही नाही पाहिलास? आपल्याकडे कुकीजच्या डब्यात कधी कुकीज असतात का?"

बाबांनी जीभ चावली.

डोरोथी आजी डबा देईनात. नातवंडं येणार होती, त्यांच्या कुकीज ठेवायला त्यांना तसाच डबा हवा होता. पण नेत्राच्या घरी तसे डबे काय कमी होते? एकात औषधं, एकात स्क्रू, एकात बडीशेप. ती धावत घरी गेली, बडीशेप ताटात ओतली, डबा घासूनपुसून आजींना दिला आणि आपला घेऊन आली. आजींच्या कुकीजना पुढे कसला वास आला, ते त्यांनाच ठाऊक.

रस्त्यातच नेत्राने झाकण उघडलं. दोऱ्यांखाली लाल कापडाचा तुकडा होता, त्यावर पिवळ्या दोऱ्याने अक्षरं भरली होती. ती सावकाश लावत गेली. ने... त्रा.

तिला स्वतःचीच लाज वाटली. "तुला माहीत होतं?" तिने बरोबर आलेल्या ऋषीला विचारलं.

"आत्यांनी शपथ घातली होती. तुला सरप्राइज द्यायचं होतं त्यांना."

"मी तुला चोर म्हटलं, तरी बोलला नाहीस?"

ऋषीने डब्याचं झाकण नीट लावलं. "माझी आत्याही अशीच गोधडी शिवते. ती या सुट्टीत येणार होती, पण व्हिसा नाही मिळाला तिला. म्हणून मी सुया ओवायला यायचो."

घरी आत्याने डबा छातीशी धरला, दोघांच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी भर सेलमध्ये कान पकडले, आणि या दोघांना विचारल्याशिवाय यापुढे एकही डबा हलवणार नाही असं कबूल केलं.

मग सेल आवरून सगळे गाडीकडे निघाले. मागच्या सीटवर आत्याशेजारची जागा नेत्राने सकाळीच टॉवेल टाकून धरून ठेवली होती. तिने टॉवेल उचलला आणि पुढे बाबांजवळ जाऊन बसली.

"ऋषी, तू बस तिथे," ती म्हणाली. "पण फक्त जाताना हं! येताना आत्या माझी."