खाट रिकामी झाली

काय घडलं

फोन आला तेव्हा ती एका जळालेल्या दुकानाचे फोटो बघत होती. विमा कंपनीत दावे तपासायचे, खरं-खोटं वेगळं करायचं, हे तिचं रोजचं काम.

"तुमच्या भावाला घेऊन जा," व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच."

ती पोचली तेव्हा भाऊ पायरीवर बसला होता. मांडीवर कपड्यांची पिशवी, मान खाली.

आत टेबलावर गोळ्यांच्या स्ट्रिपमधून कापलेला, एका गोळीपुरता पत्र्याचा तुकडा पडला होता. रिकामा. तिने तो बोटांत फिरवला. नखाएवढा पत्रा, पण बोटांना कुठेच टोचत नव्हता.

"उशीखाली सापडला. लघवीच्या तपासणीतही आलं. आत राहून नशा केली की त्याच दिवशी बाहेर. नियम तुम्हाला माहीत आहे."

"पण गोळी आत आली कशी?"

"ते कळेपर्यंत खाट अडवून ठेवू? बाहेर रांग आहे."

रांग तिला पाठ होती. गावात हे एकच केंद्र, खाटा मोजक्या. मागच्या खेपेला नंबर लागेपर्यंत भाऊ मरता मरता वाचला होता.

"पुन्हा घ्याल ना?"

"घेऊ. पण रांगेत शेवटी."

बाहेर बाकावरची मावशी उठून उभी राहिली. ती मुलासाठी रांगेत होती, नंबर कुठवर आला ते विचारायला यायची. भेटीच्या दिवशी दोघी शेजारी बसायच्या, एकमेकींना सगळं सांगायच्या. पहिल्या दिवशी हिचा भेटीचा पास मावशीनेच आपल्या कात्रीने कोपरे कापून नीट करून दिला होता. "पर्समध्ये हात घातला की टोचतो गं."

आज मावशीने तिचा हात धरला.

भाऊ

— कोणी दिली?

— कोणीच नाही. अभ्र्यात होती.

— कुठल्या?

— उशीच्या. धुऊन आलेला अभ्रा चढवायला हात घातला, तर आत.

— पैसे मागायला आलं कोणी?

— नाही.

— मग घेतलीस कशाला?

— पहिली संडासात टाकली, ताई. पुढच्या आठवड्यात परत आली. तीही टाकली.

— मग?

— मग परत आली.

घरच्या खोलीत तो भिंतीकडे वळला. "बाहेरून कडी लाव," म्हणाला. तिने लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

फुकट. पुन्हा पुन्हा. ज्याला गिऱ्हाईक हवं असतं तो कधीतरी हात पसरतो. इथे कोणी पसरलाच नव्हता. जळालेल्या दुकानात ती आधी एकच गोष्ट विचारायची. जळल्यामुळे कोणाचं भलं झालं?

कोण आत येतं

वॉर्डातल्या मदतनिसाला सगळे मामा म्हणत.

"आत काय काय जातं, मामा?"

"भेटायला येणाऱ्यांचं? काही सुटत नाही. साबण कापून बघतो, टूथपेस्ट पिळून बघतो. परवा एका आईने स्वेटर आणला. बाह्या उलट्या केल्या, तर म्हणते, आता मलाही उलटी करून बघा."

"आणि अभ्रे?"

"इथेच धुतात. खाटेचा नंबर असतो, ज्याचा त्याला जातो."

"घड्या कोण घालतं?"

मामा हसला. "कोण म्हणजे? तुम्हीच घालत होता की."

खरंच. केंद्राची पद्धतच होती ती. ज्यांचं माणूस रांगेत आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा येऊन कपड्यांच्या घड्या घालायच्या. बसून नुसतं रडण्यापेक्षा हात कामात राहिलेले बरे, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं.

"घड्यावाल्यांच्या पिशव्या तपासता?"

"त्या कशाला? ते मागच्या दाराने येतात. ज्यांचं माणूस आतच नाही, ते कोणासाठी काय आणणार?"

बोलता बोलता मामाचं हसू गेलं.

"माझ्या भावाच्या खाटेवर आता कोण आहे?"

मामाने सांगितलं.

समजा

"समजा, दुसऱ्या एखाद्याच्या घरच्यांनीच गोळी आणली असेल, तर?"

"तर त्यांचं माणूस बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्या माणसाने काहीच केलं नसलं तरी?"

"तरीही. नाहीतर हे केंद्र मी चालवू कशी?"

"मग ती खाट माझ्या भावाला मिळेल?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पुढच्याला मिळेल. कोणाला मागे ढकलू, तुम्हीच सांगा."

ती पर्स उचलून उठली.

उत्तर

भेटीच्या दिवशी मावशी बाकावर होती. आता तिच्याही हातात पास होता.

ती शेजारी बसली. दोघींच्या मध्ये तिने आपला पास ठेवला. त्यावर त्या दिवशी टेबलावरून उचलून आणलेला तो पत्र्याचा तुकडा.

"पासाचे कोपरे बघा, मावशी. आता याचे बघा. चारही गोल. विकणारा दातांनी ओरबाडून तोडेल, नाहीतर सरळ कापेल. घेणाऱ्याला टोचू नये म्हणून कोपरे गोल कोण करतं?"

मावशी वाकून बघू लागली.

"गोळ्या तुमच्या मुलाकडच्याच. त्याच्या काढून घेऊन तुम्ही लपवत होता, मला तुम्हीच सांगितलं होतं. घड्या घालायला तुम्ही मागच्या दाराने जात होता, तिथे तपासणी नाही. अभ्र्यावर नंबर आहे. आणि सगळ्यांत कच्चा कोण, रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही, हे मी याच बाकावर तुम्हाला सांगितलं. पहिल्या दोन त्याने फेकल्या. तुम्हाला वाटलं, हा अजून कसा पकडला जात नाही. म्हणून तिसरी ठेवलीत. खाट रिकामी झाली, आणि पुढचा नंबर तुमच्या मुलाचाच होता."

मावशी पासाची कड चाचपू लागली.

"फेकल्या त्याने?"

"फेकल्या."

"माझ्या मुलाने एकही फेकली नसती गं." "तो एकदा निळा पडला होता. मी तोंडात तोंड घालून फुंकत होते. पुन्हा तसं झालं असतं, तर मला जमलं नसतं."

आतून मावशीचं नाव पुकारलं गेलं. मावशी उठली नाही.

"सांगणार आहेस?"

ती पडवीपलीकडच्या दाराकडे बघत राहिली. सांगितलं तर एक मुलगा बाहेर येईल. आपला आत जाणार नाही. एवढाच हिशेब, आणि तो कुठूनही मांडला तरी तोच.

"मागच्या दारालाही तपासणी लावा, एवढं सांगून आले. कारण सांगितलं नाही."

मावशीने विचारलं, "तुझा भाऊ कुठे आहे आता?"

"खोलीत. कडी लावून. मी कामावर गेले की दार वाजवत राहतो. शेजारी सांगतात."

"एकटा?"

"मग काय करू? आहे कोण मला?"

मावशी हळूच म्हणाली, "मी येऊन बसले तर? मला सवय आहे. श्वासाकडे कसं लक्ष ठेवायचं, ते कळतं मला."

तिला त्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. उठून जावंसं वाटलं. उद्या तीन दावे होते, रजा संपली होती, आणि रांगेत पुढे किती घरं उभी होती ते तिने विचारलंही नव्हतं.

तिने पत्र्याचा तुकडा उचलून पर्समध्ये टाकला.

"सकाळी लवकर या," ती म्हणाली. "पिशवी घरी ठेवून या."