शेवटच्या दिवसाची हाक

नोकरी सोडणं म्हणजे काही डोंगर फोडणं नव्हे, असं धाकट्याला वाटत होतं. साहेबासमोर उभं राहायचं, 'आता येत नाही' म्हणायचं आणि चालू पडायचं. म्हणून दुपारच्या चहाची वेळ साधून तो मुकादमाच्या खोलीत शिरला. चहा पोटात गेला की मुकादमाची मर्जी जरा बरी असते, एवढं त्याला अनुभवाने कळलं होतं.

त्याला सगळे धाकटाच म्हणत. त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, त्याला या कोल्ड स्टोरेजमध्ये चिकटवलं, तेव्हा 'हा आमच्या हिचा धाकटा भाऊ' एवढीच ओळख करून दिली होती. तीच पुढे चालू राहिली. दाजी नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागेवर हा बसला. काम काय, तर दारं सांभाळायची. लांबलचक इमारत, खोलीच्या आत खोली, छताला टेकलेल्या सफरचंदांच्या आणि बटाट्यांच्या पेट्या. हमाल माल आणणार, हमाल नेणार. याने ते जाडजूड दार उघडायचं आणि लावायचं. दिवसाच्या शेवटी प्रत्येक दारात उभं राहून मोठ्याने विचारायचं, "कोणी आहे का आत? दार लावतोय." जरा थांबायचं, आणि आतून काही आलं नाही की दार ओढायचं. एखादा हमाल चुकून आत राहिला तर सकाळपर्यंत गारठून मरायचा, म्हणून ही पद्धत. पद्धत शहाणपणाची होती, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती कामाची. धाकट्याचा हात सुताराचा. रंधा हातात आला की त्याला तहानभूक आठवत नसे. आणि इथे दिवसभर काय, तर दार. दार उघड, दार लाव. ओल्या लाकडाचा, पिकत चाललेल्या फळांचा आणि गारवा करणाऱ्या नळ्यांमधून झिरपणाऱ्या झोंबऱ्या वायूचा वास कपड्यांत असा मुरायचा की घरी त्याची लहान मुलगी जवळ येऊन नाक मुरडायची. तरी दारातून "बाबा" अशी हाक मारून पहिल्यांदा धावत यायची तीच. तिच्यासाठी एक छोटी खाट करायचं कधीचं त्याच्या मनात होतं. आता एका ओळखीच्या सुताराने बोलावलं होतं. सोमवारपासून ये, म्हणाला होता. धाकट्याला अगदी आभाळ ठेंगणं झालं होतं.

"जा की," मुकादम बशीतला चहा संपवत म्हणाला. "तुला कोणी बांधून ठेवलंय? दारावर बसायला दुसरा बघतो मी. पण जाताना रीत पाळून जा. आतल्या खोलीत जाऊन उभं राहायचं. घरच्या माणसाने दारातून हाक मारायची. तू ओ द्यायचास आणि बाहेर यायचं. झालास मोकळा."

"घरचंच माणूस कशाला? एखादा हमाल मारेल की हाक."

"परक्याच्या हाकेला कोणी मनापासून ओ देत नाही," मुकादम म्हणाला, आणि बशी विसळायला उठला.

रीत धाकट्याला माहीत होती. दाजींच्या शेवटच्या दिवशी हाक त्यानेच तर मारली होती. हमाल भोवती उभे राहून हसत होते, त्यालाही गंमत वाटली होती. "दाजी, आहात का आत?" असं तो ओरडला, आतून दाजी म्हणाले, "आहे… आलो," आणि हात चोळत बाहेर आले. एवढंच झालं होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आतल्या खोलीच्या दारात उभं राहून त्याने रोजचा प्रश्न विचारला, आणि पेट्यांच्या मागून, अगदी हळू, उत्तर आलं. "आहे… आलो." आवाज दाजींचा. बॅटरी घेऊन त्याने सगळी खोली पालथी घातली. पेट्यांशिवाय काही नव्हतं. आवाज घुमत असेल, म्हणून त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्या खोलीपुरतं तो हळू विचारू लागला. मग पुटपुटू लागला. मग नुसते ओठ हलवू लागला. उत्तर यायचं थांबलं नाही.

आणि तिकडे दाजी. तसे धडधाकट. छापखान्यात कामाला जात होते, जेवत होते, झोपत होते. फक्त कुणी हाक मारली की ओ देत नसत. खांद्याला हात लावला की वळत, हसत, दोन शब्द बोलत. पण हाक म्हणून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. गारठ्याने कान गेले, असं सगळे म्हणाले. डॉक्टरने तपासले तर कान ठणठणीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर धाकट्याने सरळ जाणं बंद करायचं. तो काही मूर्ख नव्हता, तेही त्याने करून पाहिलं. एक दिवस अंग दुखतंय म्हणून घरी राहिला. संध्याकाळी दारं लावायची वेळ झाली आणि तो भानावर आला तेव्हा चपला न घालता कोल्ड स्टोरेजच्या फाटकासमोर उभा होता. एका म्हाताऱ्या हमालाने त्याला पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाला, "असं न सांगता जाता येत नाही बाबा. आधी एकाने पाहिलंय करून. रोज यायचा, असाच. शेवटी इथेच दाराशी मेला." एवढं सांगून तो पाठीवर पेटी घेऊन निघून गेला.

मुकादमाच्या खोलीतून निघाला तो धाकटा तडक ताईकडे गेला. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्या आयुष्यात काही बिघडलं की पाय आपोआप तिच्याच घराकडे वळत.

दाजी खिडकीशी बसले होते. त्याने मागे उभं राहून हाक मारली. "दाजी." मग जरा मोठ्याने. मग इतक्या जोरात की शेजारचं दार उघडलं. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. ताई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली.

"ओरडू नको," ती म्हणाली. "आतून येतो ना रे आवाज?"

धाकटा गर्रकन तिच्याकडे वळला. त्याने तर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"मी येते अधूनमधून. तुमच्या त्या मागच्या भिंतीला कान लावून उभी राहते. दारं लावायची वेळ झाली की हे उत्तर देतात… घरी मला देत नाहीत, तिथे देतात."

तो भिंतीला टेकून बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दाजींना सुटायचं होतं. मुकादम म्हणाला, हाक मारायला घरचा माणूस आणा, आणि दारावर बसायला दुसरा कोणीतरी. दोन्ही कामांना एकच माणूस चालतो, असंही म्हणाला. ताईने भावाचं नाव पुढे केलं.

"असं होईल हे मला ठाऊक नव्हतं, तुझी शपथ," ती म्हणाली.

"आधी ठाऊक नव्हतं. मग नंतर? नंतर मला का नाही काढलंस तिथून?"

ताई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "तू गेलास तर ह्यांना तिथे हाक कोण मारणार होतं?"

याच ताईने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, स्वतःच्या ताटातला घास भरवला होता. आणि हिनेच जाणूनबुजून त्याला त्या दाराशी बसवून ठेवलं होतं, नवऱ्याच्या सोबतीला. धाकट्याचा संताप झाला. तो नको नको ते बोलला. तिने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि तो थकल्यावर त्याच्याजवळ येऊन बसली.

"मी चुकले. आता मीच सोडवते तुला. बायकोला नको नेऊस, ती बिचारी हाक मारेल आणि तू ओ देऊन बसशील. मी येते. मी हाकच मारणार नाही. मुकादमाला दाखवायला नुसते ओठ हलवीन. दार उघडलं की तू मुकाट्याने चालत बाहेर ये. तू ओ दिलाच नाहीस तर मागे राहणार काय?"

हे त्याला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला तो उतावीळ झाला होता. ताईवरचा राग त्याला कधी फार वेळ धरताच आला नव्हता.

शनिवारी बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. ताई आली ती दाजींचा हात धरून. घरी एकटं कसं सोडू, म्हणाली. तेही खरंच होतं. मुकादम किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाजूला उभा राहिला. हमालांपैकी या वेळी कोणी हसलं नाही, एकेक करून सगळे फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. धाकट्याने ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो आत गेला आणि मुकादमाने दार ओढून घेतलं.

आतला अंधार त्याला ओळखीचा होता, पण आजवर तो त्याच्याकडे दारातून बघत आला होता. आज अंधार चारही बाजूंनी होता. पंख्याची घरघर चालू होती. सफरचंदांचा वास इतका दाट की घशाखाली उतरवावा लागत होता. त्याने पेट्यांच्या ओळीला पाठ लावली आणि मुलीच्या खाटेचा विचार करू लागला. किती लांब करावी, पायांना गोलाई द्यावी का… तेवढ्यात पंखा बंद पडला. आणि पंखा बंद पडल्यावर त्याला कळलं की इतका वेळ शेजारी कोणीतरी श्वास घेत होतं.

दार उघडलं. उजेडाची उभी पट्टी, तिच्यात ताई, तिच्या शेजारी दाजी. धाकट्याने पाऊल उचललं.

"अहो…" ताईने हाक मारली.

त्याचं पाऊल जागच्या जागी थांबलं.

"अहो… आहात ना आत? चला आता घरी."

"आहे…" त्याच्या कानाजवळून आवाज आला. "आलो."

गार वाऱ्याची झुळूक त्याला घासून पुढे गेली. जमिनीवरच्या ओलीत पावलं वाजत दाराकडे गेली, पण दिसलं कोणीच नाही. उजेडात उभ्या दाजींनी झोपेतून उठल्यासारखी मान वर केली. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओ. का गं, काय झालं?" ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती, ते धाकट्याला कळेना. त्याला क्षणभर आनंदही झाला, इतका की आपण अजून आत आहोत हेच तो विसरला.

"एक गेला की एक लागतो, बाई," मुकादम खाली बघत म्हणाला. "तुम्ही विचारायला आलात तेव्हाच मी सांगितलं होतं."

ताईने हात खाली घेतले. लहानपणी अंधार पडला की ती अंगणाच्या टोकाला उभी राहून त्याला बोलवायची, अगदी त्याच आवाजात, तितक्याच मायेने तिने हाक मारली.

"धाकट्या… ये रे बाळा."

त्याने दात आवळायला हवे होते. त्याला सगळं समजलं होतं. तिने काय ठरवून आणलंय, दाजींचा हात धरून ती का आलीय, सगळं. पण ती हाक कळायला लागायच्याही आधीपासूनची होती, आणि तिला ओ देणारं त्याच्यात जे होतं ते त्याचं ऐकणारं नव्हतं.

"आलो, ताई," तो म्हणाला.

आणि तो निघाला. त्याने स्वतः पाहिलं. त्याचाच सदरा, त्याचीच जरा वाकलेली पाठ, हात चोळत, उजेडाकडे. दारात पोचल्यावर ताईने त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला. त्याने वळून हसून पाहिलं, दोन शब्द बोलला, आणि उन्हात जाऊन उभा राहिला.

"ताई, मी इथे आहे," धाकटा आतून म्हणाला. "ताई, मी आलो… आलो." त्याने पुढे व्हायचा प्रयत्न केला. दाराला आतल्या बाजूने मूठ असते, कोणी अडकलंच तर उघडायला. रोज तेलपाणी त्यानेच केलं होतं. त्याने तिच्यावर हात टाकला. मूठ होती, हातच लागत नव्हता.

उजेडाची पट्टी बारीक होत गेली. तेवढ्या फटीतून ताई आत बघत होती. बाहेर उन्हात उभ्या माणसाकडे नव्हे, सरळ त्याच्याकडे, तो जिथे होता तिथे.

"माफ कर रे," ती म्हणाली. "तुला हाक मारायला मी येत जाईन."

दार लागलं. पंख्याची घरघर पुन्हा सुरू झाली. बराच वेळ धाकटा 'आलो, आलो' म्हणत राहिला, आणि मग त्यालाही ते ऐकवेना. तो गप्प झाला, तेव्हा मागे पेट्यांच्या ओळीत काहीतरी हळूच सरकल्याचा आवाज आला. अंधारात त्याच्याही आधीपासून असलेल्या कोणीतरी अंग चोरून त्याच्यासाठी जागा करून दिली.