नवं आणायचं नाही

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये माझा थोरला भाऊ क्लेम याच्या घरात एकही वस्तू नवी नव्हती. चाळीस वर्षं खाणीत इलेक्ट्रिशियन होता. निवृत्त झाल्यावर परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो घरचं सगळं स्वतःच दुरुस्त करायचा. "फेकून द्यायला अक्कल लागत नाही," असं शेजाऱ्यांना ऐकवायचा.

"ह्याला बायकोपेक्षा मशीन प्यारं," त्याची बायको नोला म्हणायची. "मशीन उलटून बोलत नाही ना!"

मे महिन्यात त्यांचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. पस्तीस वर्षांचं जुनं. पार्ट कुठेच मिळेना. क्लेमनं ते शेडमध्ये ओढत नेलं, दार लावून घेतलं. संध्याकाळी मशीन सुरळीत फिरत होतं.

"पार्ट कुठून आणलास?" मी विचारलं.

"लागलाच नाही," तो हात पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नोलाचा उजवा गुडघा वाकेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड, सांधा, सगळं ठाकठीक.

जुलैत त्यानं टोस्टर उघडला. त्या आठवड्यात मी जेवायला गेले होते. नोलानं ओव्हनमधून मटणाचा ट्रे उघड्या हातांनी बाहेर काढला. कातडी जळल्याचा वास मला आला. ती मात्र बोलतच होती. "अगं मर्ल, अशी काय बघतेस?"

ऑक्टोबरात रेडिओ. तीन वर्षं मुका होता, तो खणखणीत वाजायला लागला. आणि नोलाचा आवाज गेला. बसला नव्हता, गेलाच.

"दोन्हीकडून फायदा," म्हणून क्लेम हसला. रेडिओवर घोड्यांची शर्यत चालली होती. नोला बँडेज बांधलेल्या हातांनी बटाटे सोलत होती.

खाणीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं दगड तपासले. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली, असं मी मानत नाही. तरी क्लेमला शेडमध्ये गाठून विचारलंच.

तो दचकला नाही. हातातला पाना जागेवर ठेवून म्हणाला, "बासष्टची झालीय ती. चालतेय तोवर चालवायची."

"तिला कळतंय हे?"

"तक्रार तर करत नाही."

नोलाला माझ्याकडे राहायला आणायचं मी ठरवलं. खोलीही झाडून ठेवली. मग नाताळ आला, आणि राहून गेलं.

जानेवारीत माझ्या छपरावरचा कूलर बंद पडला. बाहेर सेहेचाळीस डिग्री. मेकॅनिक म्हणाला तीन आठवडे लागतील. नवा कूलर त्याहून उशिरा. पाच दिवस मी न्हाणीघराच्या फरशीवर ओला टॉवेल पांघरून काढले. रडायलाही अंगात पाणी उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी क्लेमला फोन केला.

तो दुपारी हत्यारांची पेटी घेऊन आला. गाडीत पुढच्या सीटवर नोला होती, काचा बंद.

"तिला कशाला आणलंस?"

क्लेमनं माझ्याकडे नीट पाहिलं. "नको असेल तर परत जातो."

मी शिडी धरली.

वर वीसेक मिनिटं खुडबुड झाली. मग काहीच नाही. मग छताच्या जाळीतून गार, ओलसर वारा माझ्या मानेवर आला. मी डोळे मिटून तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळानं नोलासाठी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले.

तिची छाती हलत नव्हती.

डोळे हलत होते. मी जाईन तिकडे वळत होते.

काचेवर आतून लाल धूळ बसली होती. तिनं बोट उचललं आणि सावकाश लिहिलं. मला उलटं दिसत होतं, तरी लगेच वाचता आलं.

बंद कर.

पाणी मीच प्यायले.

क्लेम येऊन स्टीअरिंगवर बसला. "भागलं ना तुझं?"

"भागलं," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी नोलाला पुरलं. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. दफनभूमीत क्लेम रडला, अगदी मनापासून रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. उन्हानं लोकांचे बूट मातीला चिकटत होते.

घरी आले तेव्हा घर गारेगार होतं. निघताना कूलर मी मुद्दाम चालू ठेवला होता.