टाळलेली दारं

संगमनेरात जाहिरात दिसेनाशी होऊन नऊ वर्षं झाली होती. चौकातले फ्लेक्स गेले, रिक्षावरचे भोंगे गेले, हातातल्या पडद्यावर मध्येच उगवणाऱ्या चित्रफितीही गेल्या. सुटलो बुवा एकदाचे, असं लोकांना वाटलं. ‘सुलभवार्ता’ नावाची कंपनी आता माणसाला वर्षा-दोन वर्षांतून एकदाच काय ते सांगे, आणि तो माणूस पुढे वर्षानुवर्षं तोच साबण, तेच दुकान धरून बसे. एकदाच सांगायचं म्हटल्यावर खर्च तो कितीसा? त्या दरापुढे गावातले सगळे प्रसिद्धीवाले आडवे झाले. उरले मुरलीअण्णा गुंजाळ आणि त्यांच्याकडे तेवीस वर्षं काम करणारी कुसुम कानवडे.

दोघं पायी फिरत. दार वाजवायचं, नमुना हातावर ठेवायचा, ख्यालीखुशाली विचारायची. अण्णांचे गुडघे आता जिन्यांवर साथ देत नव्हते, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर जोर्वेकर मिठाईवाले तेवढे टिकले होते.

सोमवारी दुपारी डॉ. शर्वरी नवले त्यांच्या खोलीवजा कचेरीत आली. ती सुलभवार्ताची मेंदूशास्त्रज्ञ. पण मूळची याच गावची, अण्णांनी दप्तर पाठीवर असल्यापासून पाहिलेली.

“या बाईसाहेब,” कुसुम म्हणाली. “दुकान बंद पडलं का बघायला आलात? थांबा जरा, चहा घेऊन मग बंद करतो.”

शर्वरी हसली नाही. “अण्णा, आम्ही इतके स्वस्त का, ठाऊक आहे?”

“मोठ्यांना परवडतं, बाई.”

“तसं नाही. सवय म्हणजे मेंदूतली मळलेली वाट. ती सहजी बदलत नाही, म्हणून पूर्वी एकच गोष्ट शंभरदा सांगावी लागे. पण माणसाचं काळीज फाटलं, की दहा-बारा दिवस त्या वाटा सैल होतात. आम्ही त्याला मृदुकाळ म्हणतो. ओल्या सिमेंटवरून कुत्रं गेलं तर काय होतं?”

“पाय उमटतो.”

“आणि कायमचा राहतो. आम्ही तेवढ्याच दिवसांत बोलतो. एकदाच.”

कुसुमने हातातला चहाचा डबा खाली ठेवला. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, त्याच आठवड्यापासून ती याच छापाचा चहा आणत होती.

“मरण आम्हाला कळतं, त्याची नोंद होते,” शर्वरी पुढे म्हणाली. “पण मोडलेलं लग्न, माहेरी परतलेली मुलगी, घरातल्या घरात गिळलेलं दुःख? ते कळत नाही. तुम्हाला कळतं.”

ते खरं होतं. ज्या घरात काही बिनसलंय, तिथे तेरा दिवस जायचं नाही, हा अण्णांचा तीस वर्षांचा नियम. रडत्या दारात पेढा कसा न्यायचा?

“म्हणजे माहिती विकत घ्यायला आलीस,” अण्णा थकून म्हणाले. “मी कुठे काही लिहून ठेवत नाही. ठेवलं असतं तरी दिलं नसतं.”

“द्यायची गरजच नाही. आलेला माणूस दाखवणारे ते दारांवरचे कॅमेऱ्याचे डोळे आमच्याशी जोडलेले आहेत. तुम्ही कुठे थांबता ते दिसतं, आणि कुठलं दार टाळता तेही. तीन वर्षं तुमच्या टाळण्यावरूनच आम्ही गावातले मृदुकाळ शोधतोय. तुम्ही एकदाही चुकला नाहीत, अण्णा.”



“मग आता हे सांगायला का आलीस?” अण्णांनी विचारलं.

“गेल्या महिन्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं. आईकडे येऊन राहिले. तुम्ही आमच्या दारावरून पुढे गेलात. चौथ्या दिवशी मला आमच्याच कंपनीचा निरोप आला.” तिने मान खाली घातली. “कसा लिहिला असेल, ते मला अक्षरन्‌अक्षर ठाऊक होतं. तरी मला बरं वाटलं.”

“यावर उपाय?” अण्णा म्हणाले.

“काम बंद करा. नाहीतर सगळ्या दारांत जा.”

“बंद केलं तर कंपनीचंच फावलं,” कुसुम म्हणाली. “आणि असंच चालू ठेवलं, तर तिचे वाटाडे आपणच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सुतार गल्लीत शिरले. देशमान्यांची रेवती बाळंतपणासाठी आली होती. रविवारी नवा पाळणा सुताराकडे परत गेला. गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णांनी फक्त पाळणा पाहिला होता. आज तिसरा दिवस.

दाराच्या अलीकडे त्यांचे पाय आपोआप वळले. तसेच पुढे गेले असते, तर संध्याकाळपर्यंत त्या पोरीशी कुणीतरी फार गोड बोललं असतं. ते मागे फिरले. एकेक पायरी चढून त्यांनी घंटी दाबली.

देशमानेवहिनींनी दार उघडलं. डोळे सुजलेले. आत रेवती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“जोर्वेकरांचे ताजे पेढे, वहिनी!” अण्णा नेहमीच्या आवाजात म्हणाले. तेवढ्याने दारावरचा डोळा फसेल असं त्यांना वाटेना. “बारशाला आमच्याकडूनच न्यायचे हं!”

भिंतीकडची पाठ हलली.

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “अण्णा, तुम्हाला... कळलं नाही?”

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. दारावरचा डोळा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

“नाही बुवा,” अण्णा म्हणाले. “काय झालं?” आणि हसू ढळू न देता त्यांनी पेढा वहिनींच्या हातावर ठेवला.