अस्वलाने घंटा का चोरली?

"अहो, हातोडा नका मारू! आत पुस्तकं आहेत!"

मी दारातूनच ओरडले. कपाटासमोर उकिडवा बसलेला कुलूपवाला वळला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग त्यांना जरा मागे सरकायला सांगा ना."

आई म्हणते, माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या मंगळवारीही होताच, पण हे ऐकून घसरला मेला! मी घाईघाईने फळा पुसायला लागले... आधीच पुसलेला फळा.

राग यायला कारणही होतं. सकाळीच मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून सांगितलं होतं, "तुमची पहिलीची पोरं गोष्ट ऐकतात, टाळ्या वाजवतात. पण पात्र कसं होतं विचारलं, की एकतर चांगलं नाहीतर वाईट! याला समजणं म्हणतात का? महिनाभर बघते. नाही सुधारलं तर गोष्टीचा तास शुद्धलेखनाला."

गोष्टीचा तास! मी नोकरी धरली तीच त्या एका तासासाठी. आणि त्यात पुस्तकांचं कपाटच अडकलेलं.

पोरं कलकलाट करत आली. पुस्तकं बंदच, म्हणून मी तोंडीच गोष्ट सांगितली, गावाची घंटा चोरणाऱ्या अस्वलाची.

"मग, अस्वल कसं होतं?"

"वाऽऽईट!"

झालं. संपला विषय. मी कपाळाला हात लावला.

"पण त्याला विचारलंत का?" कपाटाजवळून आवाज आला.

"कोणाला?"

"अस्वलाला."

"हो का? मग या, तुम्हीच व्हा अस्वल!" मी तणतणत माझी खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "आणि इथे बसलं की खोटं बोलायचं नाही."

वाटलं, पळून जाईल. पण पठ्ठ्या पाना हातात घेऊन खुशाल येऊन बसला!

आमच्या वर्गात एक शंकासुर आहे. तो लगेच उठला. "घंटा का चोरलीस?"

कुलूपवाल्याने हातातला पाना मांडीवर ठेवला. "घंटा वाजली की सगळी मुलं गोळा होतात. वाटलं... गुहेत वाजवली, तर माझ्याकडेही कोणीतरी येईल."

मग चिमणीने, म्हणजे सगळ्यात बारीक आवाजाच्या पोरीने, विचारलं, "आलं का कोणी?"

"नाही ना."

"मग नुसतं विचारायचं होतंस, या म्हणून."

"भीती वाटली गं. नाही म्हणाले असते तर?"

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. त्या माणसाच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते अस्वलाचं नव्हतं. त्याच दिवशी मी फळ्यावर तीन रकाने आखले – बोलतो काय, करतो काय, मनात काय. पोरांना सांगितलं, "पात्राच्या बोलण्यावर जाऊ नका. ते करतं काय ते बघा. मनातलं आपोआप सापडतं."

कपाट उघडलं. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा अडकलं.

"तुमचं काम कच्चं दिसतंय," मी म्हटलं.

"कुलूप जुनं आहे, बाई. आणि हट्टी. तुमच्यासारखं."

"म्हणजे मी जुनी?"

"छे छे! तुलना फक्त हट्टापुरती."

त्या दिवशी तो चोर झाला, त्याच्या पुढच्या मंगळवारी खडूस म्हातारी. पोरं हसून हसून लोळली, आणि प्रश्न तर असे विचारले की मीच थक्क! पण शिक्षकांच्या खोलीत आम्हा दोघांवरून कुजबुज सुरू झाली, तशी त्याच तिसऱ्या मंगळवारी मी फटकन म्हणाले, "आता परत येऊ नका." त्याचा चेहरा एवढासा झाला. "बरं," म्हणाला... आणि गेला. घरी जाऊन मी जेवलेसुद्धा नाही.

चौथ्या मंगळवारी मोठ्या बाई वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. कुलूपवाला कपाटापाशी गोंधळून उभा होता. "हे तर ठणठणीत आहे!"

"असं कसं? बघा ना नीट," मी म्हटलं, त्याच्याकडे न बघता. आणि अस्वलाची गोष्ट सुरू केली.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही त्यांना पाठ असेल. एखादं नवीन पात्र घ्या. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात शंकासुर उठला. "कुलूपवाले काका घेऊ?"

"घ्या."

बिचारा खुर्चीत बसला. शंकासुराने बोट फळ्याकडे नेलं. "बोलतात काय? कुलूप जुनं आहे. करतात काय? जाताना कुलपाचा एक स्क्रू खिशात टाकतात! दोनदा टाकला. तिसऱ्यांदा बाई ओरडल्या, तेव्हा नाही टाकला."

कुलूपवाल्याचे कान लालेलाल!

"आणि मनात?" मोठ्या बाईंचं पेन थांबलं होतं.

"त्यांना परत यायचं असतं," चिमणी म्हणाली. "अस्वलासारखं. पण विचारायची भीती वाटते. ते वाईट नाहीत... आणि बाईंचं पण तसंच आहे."

"माझं?" मी किंचाळलेच.

"तुम्ही बोलता, परत येऊ नका. पण आज सकाळी कपाट उघडत होतं. मी पुस्तक काढलं, तुम्ही बघितलं. मग तुम्ही काकांना फोन केलात, कपाट उघडत नाही म्हणून."

धरणीमाय, पोटात घे! माझीच विद्या माझ्यावर उलटली होती.

"आणि बाईंच्या मनात काय?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्या चक्क हसत होत्या.

"ते त्यांनाच विचारा. खुर्चीत."

कुलूपवाला उठला. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पोरांमध्ये मांडी घालून बसला. मी बसले. त्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"बाई... कुलूप न बिघडता आलो, तर चालेल?"

खुर्चीत खोटं बोलायचं नाही. नियम माझाच.

"चालेल काय?" मी सरळ त्याच्याकडे बघितलं. "यायलाच हवं. मंगळवार सोडून इतर दिवशीसुद्धा. मला... फार आवडता तुम्ही."

वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. मोठ्या बाई वही मिटून उठल्या. "सहा वर्षांची पोरं माणसं वाचायला लागली, आणखी काय हवं? गोष्टीचा तास आता आठवड्यातून दोनदा." दारात थांबून त्या कुलूपवाल्याला म्हणाल्या, "आणि शाळेचे स्क्रू परत करा हं."

त्याने खिशातून दोन स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले. "आता नाही लागणार मला."

चिमणीने शेजारच्या मुलाला कोपराने ढोसलं. "बघ! मी तेव्हाच म्हटलं होतं. नुसतं विचारायचं असतं."